गोविंदण्णांची लेकरं

गोविंदण्णांच्या ओटीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत एक सरकारी कागद काचेत घालून टांगलेला होता. शंकर, व्यंकटेश, हिंगुळजा माता आणि त्यांच्या पंगतीला तो कागद. सकाळी देवांना उदबत्ती ओवाळून झाली, की ते त्या कागदालाही ओवाळायचे. मी नवी नवरी. न राहवून विचारलं, "हे कुठलं दैवत?"

"हे अबकारी खातं, सूनबाई," ते गंभीरपणे म्हणाले. "सगळ्यात कडक. याला नवस चालत नाही."

कागदावर लिहिलेलं होतं, की औषधाच्या कामासाठी परसात गांजाची दोन झाडं लावायला हरकत नाही. तिकडच्या राजाच्या अमदानीत एका वैद्यांच्या शिफारशीवर त्यांना तो मिळाला होता. दोन म्हणजे दोन. दरवर्षी कार्तिकात एक इन्स्पेक्टर येऊन मोजून जायचा.

मी पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. शिवाजीनगरच्या मागच्या अंगाला एका बैठ्या घराचा अर्धा भाग आम्ही भाड्यानं घेतला होता. जुनी माणसं त्या भागाला अजून ब्लॅकपल्लीच म्हणत. उरलेल्या अर्ध्यात गोविंदण्णा. दोन्ही परसांच्या मध्ये एक तारेचं कुंपण होतं, आणि त्या कुंपणाच्या अलीकडे माझ्या सासूबाई.

सासूबाई वाईच्या. सोवळं असं कडक, की त्यांच्या वलणीखालून मांजर गेलं तरी लुगडं पुन्हा धुवायला पडायचं. वलणी म्हणजे देवघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत छताला टांगलेला बांबू. त्याच्यावर सोवळ्याची वस्त्रं काठीनं चढवायची आणि काठीनंच उतरवायची. त्या बांबूला हात लावायची प्राज्ञा घरात कुणाची नव्हती, त्यांच्या मुलाचीसुद्धा. अशा बाईला शेजार मिळाला तो गांजा लावणाऱ्या शिंप्याचा! नशीब म्हणतात ते असं.

गोविंदण्णा तिथल्या जुन्या मराठी घरातले. वाडवडील कधी आले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. त्यांचं मराठी ऐकून मला आधी हसूच यायचं. बरं म्हणायला "सरी", उगाच म्हणायला "सुम्ने", थोडं म्हणायला "स्वल्प", असल्या कानडीमधून मराठी वाट काढत चालायचं. हयात कँटोन्मेंटातल्या साहेबांचे कोट शिवण्यात गेली. साहेब गेले, कोट गेले, पण तोंडाच्या एका कोपऱ्यात टाचण्या धरून दुसऱ्या कोपऱ्यातून बोलायची लकब तेवढी राहिली. टाचण्या नसल्या तरी ते तसेच बोलायचे. त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही कानात सांगितलेल्या गुपितासारखं वाटायचं.

त्या दोन झाडांचं ते काय काय करायचे, ते सासूबाईंनी दहा वर्षं कुंपणावरून पाहिलं. आणि दहा वर्षं नावं ठेवली. हेब्बाळच्या तळ्यातला गाळ बैलगाडीवाल्याला सांगून आणवायचे, तर या म्हणणार, "एवढी माया पोटच्या पोराला तरी करतात का लोक?" दिवाळी सरली, की तुऱ्यांवरचे पांढरे केस तांबूस व्हायला लागायचे आणि खालची पानं पिवळी पडायची. मग गोविंदण्णा पाणी तोडायचे. सासूबाई ओरडायच्या, "अहो, झाड सुकतंय तुमचं!" ते कुंपणाशी येऊन सांगायचे, "बेडा अक्का, आता पाणी नको. पोटभर जेवलेल्याला झोप येते. त्याला स्वल्प भुकेलं ठेवायचं. मग त्याच्यातलं सगळं वर तुऱ्यात येतं."

"आणि कधी कापायचं?" एकदा मी विचारलं.

"अर्ध्याहून जास्त केस तांबडे झाले की. आधी कापलं तर नुसतं डोकं धरतं, दुखणं जात नाही. कच्चं देणं म्हणजे फसवणं."

कापायच्या सकाळी ते कुणाशी बोलत नसत. आंघोळ करून झाडाच्या बुंध्याला हात लावून नमस्कार करायचे आणि शिवणाच्या मोठ्या कात्रीनं एकेक फांदी उतरवायचे. मोठी पानं खुडून टाकायची, आणि फांद्या आत, खिडक्या बंद केलेल्या शिवणाच्या खोलीत न्यायच्या. तिथं साहेबांच्या कोटांचे जुने लाकडी हँगर अजून ओळीनं टांगलेले होते. त्यांनाच फांद्या उलट्या बांधायच्या. ऊन लागू द्यायचं नाही, फुंकर मारल्याएवढा वारा मात्र खेळता ठेवायचा. रोज आत जाऊन एक काडी वाकवून बघायची. वाकली तर अजून ओली. कट्कन मोडली, की झालं. मग मडक्यात भरायचं, तोंडाला फडकं बांधायचं, आणि कोंदू नये म्हणून मधूनमधून उघडायचं. एवढा सोपस्कार आमच्याकडे लोणच्याचासुद्धा नसे.

त्या दिवसांत वास असा सुटायचा, की विचारू नका. एका वर्षी सासूबाईंनी सोवळ्याचं लुगडं चुकून कुंपणाजवळच्या दोरीवर वाळत घातलं आणि तेच नेसून पूजेला बसल्या. अर्ध्या पूजेतून उठल्या त्या तडक कुंपणाशी. "अहो, माझ्या देवाला तुमच्या झाडाचा वास! मी काय बैरागीण आहे?"

गोविंदण्णा म्हणाले, "देव कुठला होता अक्का?"

"महादेव!"

"मग सुम्ने कशाला रागावता? त्याला घरच्यासारखं वाटलं असेल."

सासूबाईंनी आठ दिवस तोंड फिरवलं. पण घरात आल्यावर पदरात तोंड लपवून हसत होत्या, ते मी पाहिलं.

त्यांच्या भांडणाचा खरा हंगाम आषाढात. गोविंदण्णा पौषात कुंपणाजवळ बसून बी पाखडायचे. थोडं वाऱ्यानं उडायचं, थोडं पाखरं इकडे टाकायची. पाऊस पडला, की आमच्या परसात, शेवंतीच्या वाफ्यात, न्हाणीमागं, अगदी तुळशीच्या पायाशीसुद्धा बारीक दातेरी पानांची रोपं डोकी वर काढायची. सासूबाई खुरपं घेऊन बसायच्या, मूठभर उपटायच्या आणि कुंपणावरून पलीकडे भिरकवायच्या. "अहो गोविंदण्णा, तुमची लेकरं सांभाळा!" पलीकडून उत्तर यायचं, "सरी, सरी! पाठवा घरी!" ते भांडण मला ऐकू आलं नाही, तर पाऊस लागला असं वाटायचंच नाही.

हे सगळं ते करायचे कुणासाठी? स्वतःसाठी मुळीच नाही. ज्यांचं दुखणं कशानं थांबत नाही अशी माणसं त्यांच्याकडे यायची, नाहीतर ते स्वतः पुडी पोचवायचे. चर्चमागच्या गल्लीत मेरीअम्मा म्हणून एक म्हातारी होती. तिचे सांधे असे वाकडे झाले होते, की तिला वेणीसुद्धा घालता यायची नाही. तिच्याकडे ते न चुकता जायचे, आणि वेणीही घालून यायचे. शिंप्याची बोटं ती, वेणी कशी चापून बसायची! पैसे घेत नसत. एकदा कॉलेजातली दोन तरणी पोरं मोटारसायकलवरून आली आणि हळूच विचारायला लागली. गोविंदण्णांनी त्यांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "कुठं दुखतंय?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "दुखत नाही तर मग देवाचे आभार माना आणि जा," ते म्हणाले. पोरं गेली. नंतर बराच वेळ ते ओटीवर नुसतेच बसून होते. असे बसलेले मी त्यांना एरवी पाहिले नव्हते.

त्याचं कारण पुढे त्यांनीच सांगितलं, कुंपणाची तार धरून, दुसरीकडे बघत. तरुणपणी ते स्वतः चिलमीच्या पुरते आहारी गेलेले. पीर-फकिरांच्या अड्ड्यावर पडून असायचे, दुकान वाऱ्यावर. बायको तुळसाबाई हाडांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. "ती ओरडायची, सूनबाई, आणि मला ते लांबून कुठून तरी ऐकू यायचं. शेजारच्या घरातून आल्यासारखं." एका म्हाताऱ्या वैद्यांनी तिला त्याच झाडाचं औषध देऊन शेवटचे महिने सुसह्य केले. ती गेल्यावर वैद्यांनी यांच्या हातात बी ठेवलं आणि शपथ घातली. गांजाच्या सरकारी दुकानाची पायरी चढायची नाही, आणि स्वतः लावलेलं स्वतःच्या तोंडात घालायचं नाही. "वैद्य म्हणाले, चाखणारा लावायला लागला, की बाग जाते आणि माणूसही जातो. मी तुळसाच्या पायाला हात लावून हो म्हटलं. तिला उचलायच्या आधी."

सासूबाई तेव्हा तुळशीशी काहीतरी खुडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण खुडायचं थांबलं होतं.

मग एका वैशाखात गोविंदण्णांच्या जबड्याखाली गाठ आली. आधी त्यांनी दाढेवर ढकललं. मोठ्या इस्पितळात दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी, गावाहून सोबतीला आलेल्या त्यांच्या भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं, की आता करण्यासारखं काही नाही. त्याही वर्षी त्यांनी दोन झाडं लावली. आम्हाला वाटलं, निदान या खेपेला तरी स्वतःसाठी. कसलं काय! भाद्रपदापासून दुखणं वाढलं. गोळ्या पोटात ठरेनात. ओटीच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून ते उभे राहायचे, घामानं सदरा भिजायचा, आणि आम्ही दिसलो की खांब सोडून नीट उभे राहायचे. त्यांच्या शिवणाच्या खोलीत गेल्या वर्षीचं मडकं होतं. त्यातल्या पुड्या बांधून ते भाच्याबरोबर मेरीअम्माला पाठवत होते. मला ते बघवेना. राग यायचा, खरंच सांगते. असली कसली शपथ!

आमचे हे एका रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसले. शांत माणूस, पण त्या दिवशी वाद घातला. "अण्णा, शपथ घेतलीत तेव्हा असं दुखणं येईल हे तुम्हाला माहीत होतं का?"

"माहीत असतं तर ती शपथ कसली," गोविंदण्णा म्हणाले. "ती सोय झाली असती."

"मग मी दुकानातून आणतो. तुम्ही पायरी चढू नका."

"तुम्ही चढलात माझ्यासाठी, म्हणजे मीच चढलो. बेडा, साहेब. तिनं सोसलं तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो. आता निदान माझं मला ऐकू येऊ दे."

हे परत आले आणि न जेवता झोपले. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. 

त्याच सुमारास मला एक गोष्ट लक्षात आली. न्हाणीमागं आमचा जुना गळका बंब टाकलेला होता. त्याच्या आडोशाला, सासूबाईंनी शेवंतीची टोपली उपडी घालून झाकलेलं काहीतरी होतं. मी टोपली उचलली. आत गांजाचं झाड, सोडलं तर कंबरेएवढं होईल असं, फांद्या वाकवून दोरीनं खाली बांधलेल्या. परवाना पलीकडच्या दोन झाडांचा, हे तिसरं आमच्या परसात, आणि माझा नवरा सरकारी नोकर!

"आई, हे काय?"

"ओरडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आषाढात उगवलं. सगळी उपटली, हे एवढं उपटलं नाही."

"तुम्ही लावलंत?"

"लावलं नाही गं! आपसूक आलं. ना त्यांनी लावलं, ना विकत आणलं. कळलं?"

मला कळलं. यांना सांगावं तर पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं. हे टोपली उचलून बघून आले. मग म्हणाले, "नोकरी गेली तर वाईला जाऊन काय खाणार आहोत, आई?" सासूबाई म्हणाल्या, "भात. तू जेव आता." तो विषय तिथंच संपला. पण त्यानंतर दारावर कुणी थाप मारली, की आम्ही तिघंही दचकायचो.

आणि कार्तिकात इन्स्पेक्टर आलाच. नवा होता, चौकस. पलीकडची दोन झाडं मोजली, आजारी गोविंदण्णांशी दोन शब्द बोलला, आणि कुंपणापाशी येऊन हुंगत आमच्या परसाकडे बघायला लागला. वास दोन झाडांचा की तीनांचा, हे का कुणाला कळतं? पण तो फाटक ढकलून आत यायला निघाला. तेवढ्यात ओल्या लुगड्यानं, हातात पाण्याचा तांब्या घेऊन सासूबाई न्हाणीतून बाहेर आल्या आणि बंबाच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. त्यांना कानडी येत नव्हतं, पण नेमका एक शब्द दहा वर्षांत शिकल्या होत्या. "मडी!" त्या कडाडल्या. "मडी! मडी!" मडी म्हणजे तिकडचं सोवळं. तो बिचारा चांगल्या घरातला असावा. दोन पावलं मागे सरला, हात जोडले, "तप्पायितु अम्मा," चूक झाली, असं म्हणाला आणि निघून गेला. सासूबाई तशाच उभ्या. तांब्यातलं पाणी हिंदकळून पायावर सांडत होतं.

झाड तयार व्हायला अजून वेळ होता. तो काळ फार वाईट गेला. भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू यायचं आणि सासूबाई रोज सकाळी तुऱ्याचे केस बघायच्या. मी एकदा म्हटलं, "आई, आता कापूया ना! थोडं कच्चं तर कच्चं." त्या माझ्यावर एकदम खेकसल्या, "कच्चं देणं म्हणजे फसवणं! ऐकलं नाहीस का त्यांच्या तोंडून?" आणि मग डोळे पुसत आत गेल्या. त्यांनी पाणी तोडलं. खालची पानं पिवळी पडली. मार्गशीर्षातल्या एका सकाळी आंघोळ करून, कुणाशी न बोलता, त्यांनी विळ्यानं फांद्या उतरवल्या.

वाळत कुठं घातल्या असतील? देवघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत, सोवळ्याच्या वलणीवर. लुगडी सगळी काढून दोरीवर टाकली, आणि त्या बांबूला एकेक फांदी उलटी बांधली. घरभर तो वास. सासूबाई त्याच वासात पूजा करायच्या, नैवेद्य दाखवायच्या, आणि रोज काठीनं एक काडी खाली घेऊन वाकवून बघायच्या.

एक दिवस काडी मोडली. त्या दुपारी सासूबाईंनी थोडं दुधात वाटलं, वस्त्रगाळ केलं, वाटी पदराखाली घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा गोविंदण्णांचा उंबरा ओलांडला. मी मागोमाग. ते शिवणाच्या खोलीत खिडकीशी आरामखुर्चीत होते, अर्धे झालेले. वास आला तशी त्यांनी मान फिरवली. "बेडा अक्का. माहीत आहे ना तुम्हाला?"

"हे तुमचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या न्हाणीमागं आपसूक आलं."

"बी माझंच."

"बी पाखरानं टाकलं. पाखरानं शपथ घेतली होती का?"

सासूबाईंनी कनवटीची एक काडी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन बोटांत धरली, वाकवली. कट्कन मोडली. त्यांनी तिचा वास घेतला. "सावलीत वाळवलंय," ते हळू म्हणाले. "कुठं?"

"सोवळ्याच्या वलणीवर."

गोविंदण्णांनी सासूबाईंकडे पाहिलं ते पाहतच राहिले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलंही नाही. "तुम्ही पाणी घातलंत, तुम्ही कापलंत," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही लावलंत, अक्का. आता तुम्हाला कधी चाखता येणार नाही."

"मला काय डोहाळे लागलेत? उघडा तोंड!"

त्यांनी वाटी घेतली. एकेक घोट, थांबत थांबत. मग म्हणाले, "मेरीअम्माला कोण देईल?" सासूबाई म्हणाल्या, "बघू. आधी तुम्ही पडा." थोड्या वेळानं कपाळावरच्या आठ्या सुटत गेल्या. हात खुर्चीच्या कडेवर घट्ट आवळलेले होते, ते सैल झाले. कित्येक आठवड्यांत त्यांना डोळा लागलेला आम्ही पाहिला नव्हता. ते झोपले. सासूबाई उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसून पदरानं त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत होत्या. त्या वर्षीची दोन्ही झाडं परसात न कापताच उभी, म्हणून कोटांचे हँगर वर रिकामेच टांगलेले. मी निघताना वळून पाहिलं ते तेवढंच. संक्रांतीच्या आत ते गेले. शेवटपर्यंत ती वाटी सासूबाईंनीच नेली.

भाच्यानं घराला कुलूप लावलं. देवांच्या तसबिरी गावी नेल्या आणि काचेतला तो कागद खात्यात परत देऊन टाकला. उरलेल्या पुड्या सासूबाईंनी मेरीअम्माकडे पोचवल्या. पहिल्या दिवशी दारातूनच परत आल्या. पुढं पुढं उशीर व्हायला लागला. एकदा मी शोधायला गेले, तर मेरीअम्माच्या वेणीची गाठ बांधत बसल्या होत्या.

मग आषाढ आला. एका सकाळी पाऊस उघडला होता. सासूबाई खुरपं घेऊन वाफ्यात बसल्या. मी न्हाणीशी कपडे पिळत होते. त्यांनी नेहमीसारखी मूठभर दातेरी रोपं उपटली, कमरेवर हात देऊन उठल्या, कुंपणाकडे वळल्या, हात उगारला. "अहो गोविंदण्णा, तुमची लेक—"

हात तसाच वर राहिला. पलीकडे परसात गुडघाभर गवत माजलं होतं. सासूबाई चिखलातच खाली बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. मी धावत गेले, पण त्यांनी मला हातानं दूर केलं. पदरानं तोंड पुसलं. मुठीतली रोपं निवडून निवडून पाहिली, एक जरा जोमाचं होतं ते बाजूला काढलं, आणि बंबाच्या आडोशाला बोटानं भोक करून लावलं. माती दाबली.

"तांब्या आण गं," त्या म्हणाल्या. मी आणला. त्यांनी पाणी घातलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"कुणी आलं तर सांग," त्या म्हणाल्या, "मार्गशीर्षापर्यंत आई सोवळ्यात आहेत."